इंग्रजी शब्दांचे सांधे

अज्ञात, अननोन, इग्नोरंट, ॲग्नॉस्टिक. हे चार शब्द एकाखाली एक लिहून बघा. पहिला आपला, बाकीचे तीन इंग्रजी. चौघांचे अर्थ एकमेकांच्या शेजारपाजारचे आहेत, पण खरी गंमत आहे ती बांधणीत. चारही शब्दांत आधी नकाराचा एक तुकडा आहे आणि त्याला लागून 'जाणणे' या अर्थाचा दुसरा. संस्कृतात अ + ज्ञा. इंग्रजीच्या स्वतःच्या घरात अन + नो. लॅटिनमध्ये इन + ग्नो. ग्रीकमध्ये अ + ग्नो. (इंग्रजी 'नो'च्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला जो मुका 'क' बसलेला असतो ना, तो पूर्वी चांगला खणखणीत उच्चारला जायचा. तो 'क', 'ग्नो'मधला 'ग' आणि 'ज्ञा'मधला 'ज' ही एकाच जुन्या ध्वनीची तीन रूपं.)

म्हणजे नकाराचा तुकडा एकच, धातू एकच, भाषा मात्र चार. आणि त्यातल्या तीन आज इंग्रजी नावाच्या एकाच वाड्यात बिऱ्हाड करून आहेत.

या चारांतला सगळ्यात तरुण शब्द ॲग्नॉस्टिक. तो टॉमस हक्सलीनं १८६९ साली बनवला. देव आहे असंही नाही, नाही असंही नाही, हे कळण्यातलंच नाही, असं म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, हा त्याचा प्रश्न होता. हक्सली इंग्रज, ऐकणारे इंग्रज, आणि 'जाणणे'साठी घरात धडधाकट शब्द हजर. तरीही नवा शब्द बनवायला हा गृहस्थ थेट ग्रीकच्या दारात गेला. का? या एका 'का'च्या मागे हजारेक वर्षांचा इतिहास आहे. तो मला भाषेपेक्षाही माणसांचा इतिहास वाटतो. आज त्याविषयीच लिहायचं आहे.

सुरुवात अर्थातच घरच्या मालापासून. नॉर्मन लोक यायच्या आधीची इंग्रजी आपल्या गरजा आपल्याच सामानातून भागवत होती. एल्फ्रिक नावाच्या एका मठवासी पंडितानं इ.स. १०००च्या सुमारास लॅटिन भाषेचं व्याकरण इंग्रजीतून लिहिलं. 'ग्रॅमर'साठी त्यानं शब्द वापरला 'स्टॅफक्रॅफ्ट', म्हणजे अक्षरांची विद्या. त्या काळात खगोलशास्त्राला 'तुंगोलक्रॅफ्ट' म्हणत, तुंगोल म्हणजे तारा. वैद्यकाला 'लॅचेक्रॅफ्ट', ग्रंथालयाला 'बोकहोर्ड', म्हणजे पुस्तकांची ठेव. ख्रिस्ती धर्मातल्या त्रित्वाला लॅटिनमधून उचललेला 'ट्रिनिटी' अजून आलेला नव्हता. तीनला 'नेस' जोडून 'थ्रिनेस' बनवला होता. आपण 'त्रि'ला 'त्व' जोडतो, अगदी तसाच.

आज जे प्रत्यय आपण निर्जीव शेपट्या समजतो, ते त्या काळात हिंडतेफिरते शब्द होते. 'किंगडम', 'फ्रीडम'मधला 'डम' म्हणजे निवाडा, अधिकार. 'चाइल्डहुड'मधला 'हुड' म्हणजे अवस्था. 'होमलेस', 'हेल्पलेस'मधला 'लेस' कमी या अर्थाचा नाही, तर 'मोकळा, विरहित' अशा अर्थाच्या दुसऱ्याच शब्दातून आला आहे. आणि 'फ्रेंडली'मधला 'ली' तर चक्क 'शरीर' या अर्थाच्या शब्दातून! फ्रेंडली म्हणजे मित्राची काया असलेला. वापरून वापरून शब्द असा झिजतो, की एक दिवस त्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही, मग तो दुसऱ्याच्या कडेवर बसतो. बरेचसे प्रत्यय असे जन्मतात.

मग आलं १०६६. नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढे काही पिढ्या राजा, दरबार, न्यायालय, जमीनदार यांची भाषा फ्रेंच झाली. चर्चची आणि विद्येची लॅटिन होतीच. इंग्रजी उरली शेतात, गोठ्यात आणि चुलीपाशी. न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा १३६२ साली झाला, पण तो कायदा स्वतः लिहिलेला होता फ्रेंचमध्ये! आपल्याकडची काही परिपत्रकं आठवली की नाही?

या काळात इंग्रजीनं फ्रेंच शब्द पोत्यानं घेतले. पण एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. प्रत्यय कुणी सुटा उसना घेत नाही. 'एबल' हा प्रत्यय हवा म्हणून कुणी फ्रान्सला गेलं नव्हतं. आले ते 'प्रॉफिटेबल', 'ॲग्रीएबल' असे सबंध शब्द. असे पुष्कळ शब्द जमले, की बोलणाऱ्याच्या कानाला सांधा ऐकू यायला लागतो. अरेच्चा, शेवटी 'एबल' आलं की 'करता येण्याजोगं' असा अर्थ होतो! मग कुणीतरी तो तुकडा सोडवून आपल्या गावठी धातूला लावून बघतो. 'ईटेबल', 'बेअरेबल', 'नोएबल'. तसंच 'फुलफिलमेंट', 'शॉर्टेज', 'हिंडरन्स', 'गॉडेस'. धड इंग्रजी आणि शेपूट फ्रेंच.

हे परकं वाटायचं कारण नाही, आपण हेच केलेलं आहे. फारसीतून हवालदार, जमादार आले, कानाला 'दार' ऐकू आला, आणि मराठी माणसानं 'पाणीदार' बनवला. 'गुंडगिरी', 'भांडखोर', 'बेसूर', 'गैरसोय' हे सगळे याच रस्त्यानं आलेले. हे बनवायला कुठली समिती बसली नव्हती. बाजारात, छावणीत, भांडणात बनलेत ते.

अशा जोडशब्दांपैकी एक मला विसरता येत नाही. 'स्टार्व्ह' हा अस्सल इंग्रजी धातू, मूळ अर्थ नुसता 'मरणे', पुढे 'उपाशी मरणे'. 'एशन' हे लॅटिन वळणाचं शेपूट. दोन्ही जोडून 'स्टार्व्हेशन' झाला तो अठराव्या शतकात. अमेरिकन वसाहतींच्या बंडाच्या वेळी ब्रिटिश संसदेत तो वापरल्यामुळे हेन्री डंडास या राजकारण्याला 'स्टार्व्हेशन डंडास' असं टोपणनावच पडलं. (हाच डंडास पुढे ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष झाला.) लोकांनी उपाशी मरणं ही गोष्ट 'एशन' लावलं की कशी धोरणासारखी ऐकू येते! गावठी धातूत वेदना होती, लॅटिन प्रत्ययानं तिला फायलीत बसवलं. सरकारी भाषेला असे प्रत्यय सगळीकडेच फार आवडतात.

सोळाव्या शतकात छापखाने वाढले, ग्रीक-लॅटिन ग्रंथांची भाषांतरं होऊ लागली आणि पंडितांनी लॅटिन शब्दांचा नुसता धोधो पाऊस पाडला. त्यावर जो वाद पेटला तो 'इंकहॉर्न'चा, म्हणजे दौतीचा वाद म्हणून ओळखला जातो. शाईच्या दौतीतून निघालेले पंडिती शब्द, असा तो टोमणा. केंब्रिजचा ग्रीकचा मोठा विद्वान सर जॉन चीक यानं १५५७ साली एका पत्रात बजावलं, की आपली भाषा स्वच्छ आणि निर्भेळ राहिली पाहिजे, उधारी करत राहिलो तर दिवाळं निघेल. गंमत म्हणजे 'शुद्ध' या अर्थी त्यानं वापरलेला 'प्युअर' हा शब्द फ्रेंचमधून आलेला, आणि दिवाळ्याचा 'बँकरप्ट' मूळ इटालियन!

पण चीक नुसता बोलणारा नव्हता. बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं भाषांतर करताना त्यानं 'सेंच्युरियन'ऐवजी 'हंड्रेडर' वापरला, 'ल्यूनॅटिक'ऐवजी 'मून्ड', म्हणजे चंद्र लागलेला, आणि 'रिसरेक्शन'ऐवजी 'गेनरायझिंग', परत उठणं. राल्फ लीव्हर नावाच्या माणसानं १५७३ साली तर्कशास्त्रावर सबंध पुस्तक लिहिलं ते 'विटक्राफ्ट' या नावानं. त्यात 'डेफिनिशन' म्हणजे 'सेव्हॉट' आणि 'कन्क्लूजन' म्हणजे 'एंडसे'. ऐकायला विनोदी वाटतात, पण जरा विचार करा, शेतकऱ्याच्या पोराला यातला कुठला शब्द न सांगता समजला असता?

समोरच्या बाजूची टिंगलही कमी झाली नाही. बेन जॉन्सनच्या १६०१ सालच्या 'पोएटॅस्टर' नाटकात एका शब्दबंबाळ कवीला औषध देऊन चक्क शब्दांची उलटी करायला लावलेली आहे. तो एकेक अवजड शब्द ओकतो आणि प्रेक्षक हसतात. त्या ओकलेल्या शब्दांत 'रेट्रोग्रेड', 'रेसिप्रोकल', 'डिफंक्ट', 'स्ट्रेन्युअस' आहेत, जे आज कुठल्याही वर्तमानपत्रात दिसतात. आणि 'टर्जिडस', 'ऑब्लॅट्रंट' हेही आहेत, ज्यांचं आज नामोनिशाण उरलेलं नाही. कुठला शब्द जगणार आणि कुठला मरणार याला काही न्याय नसतो. 'इम्पीड' म्हणजे अडवणं, ते राहिलं. त्याच्या उलट अर्थाचा 'एक्स्पीड' तेव्हाच निघाला होता, तो गेला.

आपल्याकडे शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून झालेला राज्यव्यवहारकोश आणि विसाव्या शतकातली सावरकरांची भाषाशुद्धी, दोन्ही या वादाची भावंडं. एक फरक मात्र मोठा. इंग्रजी शुद्धिवादी परके पंडिती शब्द काढून घरातले साधे शब्द आणू बघत होते. आपले शुद्धिवादी रुळलेले, बाजारात चालणारे फारसी शब्द काढून संस्कृत आणू बघत होते. दोघांचं ध्येय एक, पण एक जिन्यानं खाली उतरत होता आणि दुसरा वर चढत होता.

चीकची बाजू हरली. त्याचा परिणाम काय झाला तो १६०४ साली दिसला. रॉबर्ट कॉड्री नावाच्या शाळामास्तरानं इंग्रजीतून इंग्रजीचा पहिला शब्दकोश काढला. त्यात सुमारे २५०० शब्द होते, आणि ते फक्त 'कठीण' शब्द. पाणी, भाकरी, गाय असले शब्द नव्हतेच, कारण ते कुणाला सांगायला लागत नव्हते. हे पुस्तक कुणासाठी, तेही त्यानं मुखपृष्ठावरच लिहून ठेवलं होतं: बायकांसाठी आणि इतर अडाणी लोकांसाठी. कारण उघड आहे. लॅटिन शिकवणाऱ्या शाळांत मुलगे जात, मुली नाही. अर्थात सगळे मुलगेही जात नसतच. म्हणजे अवघ्या शे-दीडशे वर्षांत इंग्रजी अशी झाली, की इंग्रज बाईला स्वतःच्या मातृभाषेतलं प्रवचन समजून घ्यायला शब्दकोश लागायला लागला!

ही भिंत अजून उभी आहे. इंग्रजीत दाताला 'टूथ', पण दातासंबंधीचं ते 'डेंटल'. तोंड 'माउथ', पण तोंडी परीक्षा 'ओरल'. चंद्र 'मून', पण चांद्रमोहीम 'ल्यूनर'. नाम घरचं आणि विशेषण पाहुण्याचं. इंग्रज मुलालाही हे जोडीजोडीनं पाठच करावं लागतं. आपल्याकडेही दात आणि दंतवैद्य, दूध आणि दुग्धालय, हात आणि हस्ताक्षर अशा जोड्या आहेत. पण आपल्या जोडीतले दोघं एकाच घरातले, एक आजोबा आणि एक नातू, चेहरा जुळतो. 'मून' आणि 'ल्यूनर'चा चेहरा कुठे जुळतो?

मी मराठी माध्यमातला. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत आणि अकरावीला एकदम इंग्रजीत, असा तो प्रवास ज्यांनी केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. पहिले काही महिने आम्ही मागच्या बाकांवरचे मराठीवाले शब्दांच्या याद्या घोकत होतो. स्पेलिंग, अर्थ, स्पेलिंग, अर्थ. 'फोटोसिंथेसिस' हा शब्द मी किती वेळा लिहून काढला असेल याला गणती नाही. त्याचे सांधे मला दिसले ते कॉलेज संपल्यावर, एका जुन्या शब्दकोशात. फोटो म्हणजे प्रकाश. सिन म्हणजे एकत्र, आपला 'सम्'. थेसिस म्हणजे ठेवणं, रचणं. आता मराठी शब्द बघा: प्रकाश-सं-श्लेषण. तुकड्यास तुकडा! जो शब्द मी दोन वर्षं आधीच शिकलो होतो, त्याचंच ते ग्रीक रूप. 'हायपर' म्हणजे आपला उपरि, 'पेरी' म्हणजे परि, 'डिस' (डिसेंट्रीमधला) म्हणजे दुस्, 'इंटर' म्हणजे अंतर, 'प्रो' म्हणजे प्र. संस्कृतच्या तासाला आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार शिकताना, एक 'हृ' धातू उपसर्ग बदलला की कसा कुठल्या कुठे जातो, ते आम्हाला तालासुरात शिकवलं होतं. लॅटिनच्या 'फेर' धातूचं, म्हणजे आपल्या 'भृ'चं, इंग्रजीत तसंच आहे: ट्रान्सफर, रेफर, प्रिफर, कॉन्फर, डिफर, इन्फर. पण त्या तासाचा या तासाशी काही संबंध आहे असं दोन्हीकडच्या कुणी सांगितलं नाही. दोष एकट्या मास्तरांचा नव्हे, त्यांनाही कुणी सांगितलं नसणार. पण त्या काळात अकरावीतून गळालेली माझ्या वर्गातली काही मुलं आठवतात, आणि वाटतं, ती विज्ञानात नापास झाली नव्हती, ग्रीकमध्ये झाली होती.

आणि हा सांधा उकलायचं तंत्र जगाला शिकवण्यात मोठा वाटा कुणाचा, तर संस्कृत वैयाकरणांचा! ग्रीक आणि रोमन व्याकरणकार शब्दाकडे प्रामुख्यानं सबंध बघत. त्याची रूपं चालवून दाखवत, पण धातू वेगळा, प्रत्यय वेगळा असं सोलून ठेवणं ही पाणिनीच्या परंपरेची खासियत. २ फेब्रुवारी १७८६ रोजी विल्यम जोन्सनं कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं सांगितलं. १८१६ साली जर्मनीच्या फ्रान्झ बोपनं या भाषांची क्रियापदं शेजारी शेजारी मांडली, आणि तौलनिक भाषाशास्त्र उभं राहिलं. १८७७ साली मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर व्याख्यानं दिली, ती याच नव्या शास्त्राच्या पायावर. संधी, गुण, वृद्धी, बहुव्रीही हे शब्द आजही इंग्रजीतल्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत तसेच्या तसे भेटतात.

'वृद्धी'वरून आठवलं. इंग्रजीतले घरचे प्रत्यय धातूला धक्का लावत नाहीत, पाहुणे लावतात. 'काइंड'चा 'काइंडनेस' होताना आत काही हलत नाही. पण 'सेन'चा 'सॅनिटी' आणि 'डिव्हाइन'चा 'डिव्हिनिटी' होताना आतला स्वरच बदलतो. मराठीतही शूरचा शूरपणा सरळ होतो, पण शौर्य करायचं तर आतला ऊ हलवावा लागतो. सुंदरपणा आणि सौंदर्य. कारणं वेगळी आहेत, पण बोलणाऱ्याला जाणवणारा फरक तोच: एक घरगुती, एक समारंभाचा.

आता विज्ञानाच्या शब्दांकडे येऊ. मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा. बुकबाइंडरकडे उमेदवारी करता करता बांधायला आलेली पुस्तकं वाचून तो शिकला. लॅटिन-ग्रीक त्याच्या वाट्याला आलंच नव्हतं. १८३४ साली विजेच्या प्रयोगांत त्याला नव्या गोष्टींना नावं हवी होती, म्हणून त्यानं केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलला पत्र लिहून विचारलं. ह्यूएलनं सुचवलं: ॲनोड म्हणजे वरची वाट, कॅथोड म्हणजे खालची वाट, आयन म्हणजे जाणारा. (आपल्या 'एति' क्रियापदातला 'इ' धातू तो हाच.) ज्यानं शोध लावला त्याच्याजवळ नाव नव्हतं, आणि ज्याच्याजवळ नाव होतं त्यानं शोध लावलेला नव्हता. हा ह्यूएलही सुताराचा मुलगा, शिष्यवृत्त्यांवर वर आलेला. 'सायंटिस्ट' हा शब्दही त्याचाच, १८३४ साली छापून आलेला. लॅटिन धडाला ग्रीक शेपूट, म्हणून पुढे कित्येक वर्षं जाणकार त्या शब्दाला नाकं मुरडत होते. 'टेलिव्हिजन'लाही हेच ऐकावं लागलं, अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन म्हणून.

आमच्या मराठी पुस्तकात ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र होतं. तटस्थपणे सांगतो, 'वरची वाट'पेक्षा हे शब्द जास्त काम करतात.

मात्र सांधे दिसले म्हणजे सगळं समजलं असंही नव्हे. ऑक्सिजन म्हणजे 'आम्ल जन्माला घालणारा'. ('जेन' म्हणजे आपला जन् धातू.) प्रत्येक आम्लात हा वायू असतोच अशा समजुतीतून लाव्हाझिएनं हे नाव दिलं. १८१० साली हम्फ्री डेव्हीनं दाखवून दिलं, की क्लोरीन हे मूलद्रव्यच आहे, म्हणजे मिठाच्या आम्लात ऑक्सिजन नाहीच. समजूत गेली, नाव राहिलं. जर्मन लोकांनी तर भाषांतर करून 'झाउअरश्टोफ', आंबट पदार्थ, असं नाव ठेवून ती चूक आणखी घट्ट केली. आपला 'प्राणवायू' त्या भानगडीत पडला नाही.

आणि कधीकधी सांधा चुकीचा दिसला तर जिवावर बेतू शकतं. 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं. यातला 'इन' 'आत' या अर्थाचा आहे. पण 'इनव्हिजिबल', 'इनकरेक्ट'मधला नकाराचा 'इन' कानात बसलेल्या माणसाला वाटणार, हे न पेटणारं आहे! टँकरवर, पिंपांवर हा शब्द लिहिलेला. शेवटी १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या संस्थेनं आग्रह धरला, की सरळ 'फ्लेमेबल' लिहा. एका उपसर्गाचे दोन अर्थ ही तिथे व्याकरणाची गंमत राहिलेली नव्हती.

विसाव्या शतकात एक नवीनच खेळ सुरू झाला. सांधा नसेल तिथेच शब्द मोडायचा. 'हेलिकॉप्टर' हा खरा हेलिको + प्टर, मळसूत्री पंख. 'प्टर' म्हणजे पंख, आपल्या 'पत्र' शब्दाचा भाऊ. (पत्रचा एक अर्थ पंख असाच आहे.) पण लोकांनी तो हेली आणि कॉप्टर असा मोडला आणि 'हेलिपॅड' बनवला. हॅम्बर्ग शहराचा तो 'हॅम्बर्गर', त्यातला 'हॅम' गळला आणि 'बर्गर' हा प्रत्ययच झाला. 'अल्कोहोलिक'चा 'होलिक' तोडून 'वर्कोहोलिक' झाला, आणि मूळ अरबी 'अल् कुह्ल', म्हणजे सुरमा, कुठल्या कुठे राहिला. १९७२च्या वॉटरगेट प्रकरणानंतर तर 'गेट' म्हणजे घोटाळाच. वॉटरगेट हे एका इमारतीचं नाव होतं, हे आता फार थोड्यांना आठवतं. पंडित म्हणतील, हे अडाणीपण आहे. असेल. पण 'एबल'ही असाच सुटला होता, आणि आपला 'दार'सुद्धा. कॉड्रीनं ज्यांना अडाणी म्हटलं, त्यांच्या वंशजांनी वाड्यातलं सामान मोडूनतोडून आपल्या सोयीचं करून घेतलं, असं मी याकडे बघतो.

या सगळ्यांत माझा सर्वात लाडका शब्द म्हणजे 'बस'. १८२०च्या दशकात फ्रान्समधल्या नांत गावी कुणालाही चढता येईल अशी घोडागाडी सुरू झाली, तिला नाव मिळालं 'ओम्निबस'. १८२९ साली ती लंडनला आली. लॅटिनमध्ये 'ओम्निबस' म्हणजे 'सगळ्यांसाठी'. ओम्नि म्हणजे सगळे, आणि 'बस' ही चतुर्थीच्या अनेकवचनाची नुसती विभक्ती. घाईतल्या लोकांनी धातू टाकून दिला आणि विभक्ती ठेवली! आणि ही विभक्ती आपल्याला चांगली ओळखीची आहे. रामेभ्यः, सर्वेभ्यः यातला जो 'भ्यः' शाळेत आपण घोकला, त्याचीच ही लॅटिन बहीण. म्हणजे स्टँडवर 'पुण्याची बस लागली का हो?' असं विचारणारी आजी नकळत अडीच हजार वर्षं जुनी चतुर्थी चालवत असते, आणि तिला कुठलाही शब्दकोश लागत नाही.

आज मराठीत विज्ञान शिकवावं की इंग्रजीत, या वादात मी सहसा पडत नाही. दोन्हीकडची माणसं फार लवकर चिडतात. माझं मागणं लहान आहे. शब्द कुठलाही द्या, धनाग्र द्या नाहीतर ॲनोड द्या, पण देताना एकदा तो मोडून दाखवा. फळ्यावर अधिकची दोन चिन्हं काढायला अर्धं मिनिट लागतं. एवढं केलं, तर वर्गातल्या मागच्या बाकावर बसलेल्या पोराला पुढचे दहा शब्द स्वतःचे स्वतः उघडता येतील. लोहाराच्या मुलाला नावासाठी दुसऱ्याला पत्र लिहावं लागलं त्याला आता दोनशे वर्षं होत आली.